मुंबईच्या शेलचं रासायनिक विश्लेषण करताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एमएस्सीच्या एका मुलीने जोगेश्वरीच्या शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा, तुकडा माझ्यापुढे ठेवला. राखाडी, पापुद्रे सुटणारा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. "सर, व्हॅनेडियम जवळजवळ तिप्पट आलंय. म्हणजे तळ्याच्या तळाशी ऑक्सिजन नव्हता ना?" ऑक्सिजन नसलेल्या पाण्याखालच्या गाळात व्हॅनेडियम जास्त साचतं, त्यावरून तिने हे ताडलं होतं. मी टायटॅनियमचा आकडा विचारला. तोही दुपटीच्या वर होता. टायटॅनियमला पाण्यातल्या ऑक्सिजनचं काही देणंघेणं नसतं, त्यामुळे तिचा निष्कर्ष तिथेच अडला.

मुंबईत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. आपण 'सरासरी शेल'चे आकडे उचलतो: व्हॅनेडियम 130 पीपीएम (दहा लाखांत 130 भाग), ॲल्युमिनियम 8.8 टक्के. हा जगभरच्या शेलचा हिशेब, आणि त्यातला बराच गाळ ग्रॅनाइटसारख्या खडकांच्या झिजेचा. आपले वरळी, जोगेश्वरी, मलबार हिलचे थर मात्र लाव्हांच्या मधल्या काळात साचले. (वरळीच्या थरांतल्या इवल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 सालीच केलं होतं.) त्यातला चिखल मुख्यतः बेसॉल्टचा, आणि दख्खनच्या बेसॉल्टमध्ये व्हॅनेडियम सहज 300 पीपीएमच्या वर असतं. ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढलं तरी ते सरासरी शेलच्या अडीच-तीन पट भरतं. पाण्यात भरपूर ऑक्सिजन असला तरीही!

म्हणून शेलच्या खालचा-वरचा ताजा बेसॉल्ट त्याच बॅचमध्ये तपासायला द्या आणि तुलना त्याच्याशी करा. मनोरी-गोराईकडे ट्रॅकाइट हा वेगळ्या घडणीचा ज्वालामुखी खडक आहे, तिथे हा मापदंडही बदलतो. मॉलिब्डेनम आणि युरेनियम बेसॉल्टमध्ये मुळातच थोडं असतं. ती दोन्ही वाढलेली दिसली, तर ऑक्सिजनबद्दल बोलायला आधार मिळतो. पण तांबूस पडलेल्या दगडात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) गंजून गेलेलं असतं आणि त्याच्याबरोबर ही मूलद्रव्यंही निसटतात. हातोड्याने वरची साल काढा, आतला गडद भाग लागेपर्यंत थांबू नका.

खाडीच्या चिखलाचं दुखणं वेगळं. ठाण्याच्या खाडीचे नमुने मी सुरुवातीला न धुताच दिले होते. अपक्षय निर्देशांक (मूळ खडक किती झिजला-कुजला, ते सांगणारा आकडा) इतका खाली आला, की कोकणात पाऊसच पडत नाही असं वाटावं. कारण साधं होतं. चिखलातल्या खाऱ्या पाण्याचं सोडियम त्या सूत्रात जाऊन बसलं होतं. आता ऊर्ध्वपातित पाण्याने धुतो, सेंट्रिफ्यूज करतो आणि वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो. मीठ उरलं असेल तर पांढरट गढूळपणा येतो; तो येईनासा होईपर्यंत हेच चालू. शिंपल्यांचा चुरा असेल तर त्याचं कॅल्शियमही वजा करावं लागतं, कारण सूत्राला फक्त सिलिकेट खनिजांमधलं कॅल्शियम हवं असतं.

दळताना कोणतं भांडं वापरलं, ते वहीत लिहाच. टंगस्टन कार्बाइडमधून टंगस्टन आणि कोबाल्ट नमुन्यात येतं, क्रोम स्टीलमधून क्रोमियम. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी अगेट बरं.

हातातल्या एक्सआरएफला (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राला) सोडियम दिसत नाही, आणि ओल्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम, सिलिकॉन कमी दिसतं. जुलैच्या दमट हवेत चिकणमाती तासाभरात ओल धरते. 105 अंशांवर वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा, मग रीडिंग घ्या. आयसीपी या यंत्रासाठी नमुना विरघळवावा लागतो; तिथे नुसतं अॅक्वा रेजिया (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) वापरलं तर सिलिकेट पुरतं विरघळत नाही. झिरकोनियम ज्यात असतं ते झिरकॉन खनिज तर हायड्रोफ्लोरिक आम्लालाही सहजी दाद देत नाही, म्हणून झिरकोनियमसाठी फ्यूजनच (क्षारांबरोबर वितळवणं) करा.

मुंबई हायकडच्या तेलविहिरींचे कटिंग्ज (खणताना निघालेले खडकाचे तुकडे) हाती आले, तर बेरियमवरून समुद्राच्या जैविक उत्पादकतेचा अंदाज बांधू नका. खणताना वापरायच्या चिखलात (ड्रिलिंग मड) बराइट, म्हणजे बेरियमचंच खनिज, घातलेलं असतं.

ती मुलगी पुन्हा जोगेश्वरीला गेली. शेल आतून काढला, लगतच्या बेसॉल्टचा तुकडाही आणला. व्हॅनेडियम-ॲल्युमिनियमचं गुणोत्तर दोघांचं जवळपास सारखं निघालं. मॉलिब्डेनमचा रिपोर्ट यायचा आहे.