जांघेतील उवांवर घरी उपचार करताना या चुका टाळा

खानापूर-बेळगाव पट्ट्यात पावसाळ्यात अंतर्वस्त्रे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे जांघेत खाज सुटली की ती नायट्याचीच आहे असे गृहीत धरून मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणले जाते. ही पहिली चूक होय. अशा मलमाने खाज तेवढ्यापुरती दबते, उवा मात्र तशाच राहतात आणि अंडी घालत राहतात. म्हणून आधी चांगल्या उजेडात, शक्य असल्यास भिंग घेऊन, केसांच्या मुळाशी नीट पाहावे. ही ऊ डोक्यातील उवेपेक्षा आखूड आणि रुंद, खेकड्याच्या आकाराची, जेमतेम १ ते २ मिलिमीटरची असते. तिच्या लिखा केसाला इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की कोंड्याप्रमाणे झटकून निघत नाहीत. अंतर्वस्त्रावर बारीक काळपट ठिपके किंवा मांडीवर निळसर डाग दिसणे, हीही तिचीच खूण असू शकते.

सर्वांत घातक चूक घरातल्या बाटल्यांची आहे. निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी घरांत फवारणीचे औषध, जनावरांच्या गोचिडांचे औषध, रॉकेल आणि तंबाखू हाताशीच असते, आणि लाजेपोटी दुकानात न जाता यांतलेच काही चोळण्याचा मोह होतो. जननेंद्रियाभोवतीची त्वचा पातळ असल्याने कीटकनाशक तिच्यातून लवकर शरीरात शिरते आणि विषबाधा होऊ शकते. तंबाखूच्या पाण्यातील निकोटिनही तसेच शोषले जाते. रॉकेलने कातडी भाजते. यांपैकी काहीही लावू नये.

योग्य औषध म्हणजे १ टक्का परमेथ्रिनचे लोशन. भाग धुऊन कोरडा केल्यावर गुप्तांगावरील केसांना, तसेच उवा असतील तर मांड्या, पोट आणि गुदद्वाराभोवतीच्या केसांनाही ते लावावे, आतील ओल्या त्वचेला लागू देऊ नये आणि १० मिनिटांनी धुवावे. खरजेसाठी मिळणारे ५ टक्क्यांचे क्रीम वेगळे असते आणि ते रात्रभर ठेवायचे असते. दुकानात या दोहोंची गल्लत सहज होते, म्हणून टक्केवारी वाचूनच पैसे द्यावेत. गरोदर स्त्रीने डॉक्टरांना विचारूनच औषध लावावे.

एकदा लावून विषय संपला असे मानू नये. लिखांतून ६ ते १० दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि औषधाने सगळी अंडी मरतातच असे नाही. लिखा नखाने किंवा बारीक फणीने काढाव्यात, ९-१० दिवसांनी पुन्हा तपासावे आणि जिवंत ऊ दिसली तर औषध पुन्हा लावावे. उवा मेल्यावरही खाज काही दिवस राहते, तेवढ्यावरून रोज औषध थापत बसू नये. केस काढल्याने मदत होते, पण केवळ तेवढ्यावर विसंबू नये.

तरीही उवा परत येतात, याचे नेहमीचे कारण म्हणजे एकट्यानेच केलेला उपचार. गोव्याला किंवा पुण्याला कामाला असणारा नवरा तिकडेच औषध लावून घरी येतो आणि बायकोला काही सांगत नाही. मग दोघांमध्ये उवांची फेरी चालूच राहते. जोडीदाराला सांगणे कितीही अवघड वाटले तरी उपचार दोघांचाही एकाच वेळी व्हायला हवा आणि उवा गेल्याची खात्री होईपर्यंत शरीरसंबंध टाळायला हवा. निरोधाने या उवा अडत नाहीत. उवा असताना वापरलेले कपडे, टॉवेल, चादरी कढत पाण्यात धुवाव्यात. धुता न येणारे सामान पिशवीत घट्ट बांधून २ आठवडे बाजूला ठेवावे. अंगावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे घरभर फवारणी करण्याची काहीच गरज नाही.

पापण्यांवर उवा असतील तर हे लोशन तिथे मुळीच लावू नये, डॉक्टरांकडेच जावे. लहान मुलाच्या पापण्यांत त्या दिसल्या तर मुलावर न रागावता त्याला लगेच दाखवावे, कारण लैंगिक अत्याचाराची शक्यताही डॉक्टरांनी तपासून पाहणे आवश्यक असते. प्रौढांनीही या निमित्ताने इतर लैंगिक आजारांची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते आणि १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.