साथीच्या काळात घरात एकजण आजारी पडला तर

श्वसनमार्गाच्या आजाराची साथ आली की बहुतेक घरांची शक्ती दोन कामांत खर्च होते: बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू पुसून घेणं आणि दिवसभर बातम्या बघणं. दोन्हींचा उपयोग थोडाच. कोविडच्या सुरुवातीला लोक कित्येक महिने पिशव्या आणि पुडे धूत बसले होते. संसर्ग मात्र मुख्यतः बंद खोलीतल्या हवेतून होत होता. माणूस नुसता बोलला तरी तोंडातून तुषार उडतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण सगळ्यात बारीक कण कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहू शकतात. म्हणून लक्ष देण्याचा क्रम असा ठेवा: आधी हवा, मग मास्क, मग हात, आणि वस्तू सगळ्यात शेवटी.

तयारी कोणी आजारी पडण्याआधीच करायची. चालू असलेला थर्मामीटर, ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र) आणि त्याचे जादा सेल, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, नीट बसणारे मास्क, रोजच्या औषधांचा महिनाभराचा साठा आणि दोन आठवडे पुरेल इतका शिधा. त्याहून जास्त भरून ठेवलेलं बहुतेक वेळा वाया जातं, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला ते मिळत नाही. एक वही घ्या. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं वय, वजन, जुने आजार, चालू औषधं मात्रेसकट, कशाची ॲलर्जी आहे ते, आणि डॉक्टर व रुग्णवाहिकेचे नंबर. वजन हवंच, कारण लहान मुलांच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते, आणि रात्री दोन वाजता ते कोणालाच आठवत नाही.

खोली आणि हवा

आजारी माणसाला स्वतंत्र खोली द्या; शक्य असेल तर बाहेर उघडणारी खिडकी आणि जोडून बाथरूम असलेली. दार बंद, खिडकी उघडी. नुसता छताचा पंखा आहे तीच हवा घोळवत राहतो. बहुतेक स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा गार करून परत सोडतात, ताजी हवा आत घेत नाहीत. हवा बाहेर जायला हवी. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा सतत चालू ठेवा, किंवा खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवा आणि त्याच्या कडेच्या फटी पुठ्ठ्याने झाका. फटी उघड्या राहिल्या तर पंखा बाहेर टाकलेली हवा तिथूनच परत आत ओढतो.

हे जमलं की नाही ते बघायला टिश्यूपेपरची बोटभर रुंद पट्टी दाराखालच्या फटीशी, घराच्या बाजूने धरा. ती रुग्णाच्या खोलीकडे झुकली तर घरातली हवा आत जाते आहे, म्हणजे काम झालं. उलट घराकडे फडफडली तर बाकीच्या घरातल्या खिडक्या थोड्या जास्त उघडून पुन्हा बघा. वारा फिरला की दिशाही फिरते, तेव्हा दिवसातून दोनदा तपासलेलं बरं. एक धोका लक्षात ठेवा: बाथरूममध्ये गॅसवर चालणारा गीझर असेल तर एक्झॉस्टच्या ओढीने त्याचा धूर आत येऊ शकतो. अशा ठिकाणी गीझर बंदच ठेवा.

हवा किती वेळा बदलते यावर बरंच अवलंबून आहे. तासाला ६ वेळा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात. फक्त २ वेळा बदलत असेल तर १३८. बाथरूम एकच असेल तर रुग्णाने ते सगळ्यांच्या शेवटी वापरावं, नंतर पंखा चालू आणि खिडकी उघडी राहू द्यावी, आणि घाईचं नसेल तर पुढच्याने निदान अर्धा-पाऊण तास थांबावं.

मास्क

मास्क रुग्णानेही लावायचा आणि खोलीत जाणाऱ्यानेही. चांगला मास्क सैल बसला तर वाया. एन-९५ किंवा एफएफपी-२ (बारीक कण गाळणारे, चेहऱ्याला घट्ट बसणारे मास्क) लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा. एका हाताने चिमटीत धरली की मधोमध घडी पडते आणि तिथून हवा निसटते. मग तळवे मास्कभोवती ठेवून जोरात उच्छ्‌वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर पट्टी पुन्हा बसवा. दाट दाढीवर हा मास्क बसत नाही, कितीही ओढला तरी. झडपेचा मास्क रुग्णाला देऊ नका, त्याचा उच्छ्‌वास त्या झडपेतून न गाळता बाहेर येतो.

या मास्कच्या कापडावर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्यालाच चिकटतात. धुतलं किंवा सॅनिटायझर फवारलं की तो भार जातो. मास्क दिसायला तसाच राहतो, पण गाळत नाही. पुन्हा वापरायचाच असेल तर पाच मास्कवर वार लिहा, रोज एक वापरा आणि काढल्यावर कागदी पिशवीत कोरडा होऊ द्या. ओला झाला, मळला, इलास्टिक ढिलं पडलं की टाकून द्या.

सेवा एकानेच करावी

रुग्णाची देखभाल घरातल्या एकाच माणसाने करावी, शक्यतो तरुण आणि धडधाकट, लस झालेल्या. आळीपाळीने सगळ्यांनी केली तर प्रेम दिसतं, पण सगळेच संपर्कात येतात. जेवण दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं, बोलणं फोनवर. खोलीत जावं लागलंच तर काय काय करायचं ते आधी ठरवून जा आणि दहा मिनिटांत बाहेर या. बाहेर आल्यावर आधी हात धुवा, मग मास्क बंदांना धरून काढा, मग पुन्हा हात धुवा.

पहिल्या दिवशीची रॅपिड अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून वेगळं राहणं थांबवू नका. सुरुवातीला विषाणूचं प्रमाण कमी असतं आणि ही चाचणी चुकते. लक्षणं असतील तर ४८ तासांनी पुन्हा करा. विलगीकरण किती दिवसांचं, हे त्या वेळच्या आरोग्य खात्याच्या सूचनेप्रमाणेच. प्रत्येक साथीत ते वेगळं असतं.

वहीतल्या नोंदी

घरच्या उपचारात सगळ्यात मोलाचं काम हे आहे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी चार आकडे वेळेसकट लिहा: ताप, ऑक्सिजन, नाडी आणि मिनिटाला श्वास किती. एकेक आकडा फार काही सांगत नाही, त्याचा कल सांगतो. डॉक्टरांना फोनवर “ऑक्सिजन काल ९७ होता, आज सकाळी ९६, आता ९४” असं सांगता आलं तर ते लगेच निर्णय घेऊ शकतात. “बरं वाटत नाहीये” एवढ्यावर कोणालाच काही ठरवता येत नाही.

ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो तो बहुतेक वेळा घाईमुळे. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा. बोटं गार असतील तर चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा, हात छातीच्या उंचीवर टेकवून स्थिर ठेवा. तर्जनीला किंवा मधल्या बोटाला लावून आकडा स्थिर होईपर्यंत, साधारण मिनिटभर, थांबा. लावल्या लावल्या दिसणारा पहिला आकडा लिहू नका. यंत्रावरची नाडी आणि मनगटावर मोजलेली नाडी जुळत नसेल तर त्या वेळचा ऑक्सिजनही खरा मानू नका. त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं, म्हणून अशा वेळी काठावरचा आकडा चांगला समजू नका.

निरोगी माणसाचा ऑक्सिजन ९५ ते १०० टक्के असतो. ९४ किंवा त्याखाली टिकून राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. ९० किंवा खाली म्हणजे थेट रुग्णालय. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. बसून आकडा चांगला असेल तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा बघा, कोणीतरी लक्ष ठेवायला असताना. ३ किंवा जास्त अंकांनी उतरला तर कळवा. बसूनच ९४ खाली असेल किंवा धाप लागत असेल तर ही चाचणी करायची नाही. कोविडमध्ये काहींचा ऑक्सिजन बराच उतरूनही त्यांना दम लागल्याचं जाणवत नव्हतं आणि ते निवांत गप्पा मारत होते. अनेकांची तब्येत पहिल्या आठवड्याच्या शेवटी, ताप उतरल्यासारखा वाटत असताना बिघडली. म्हणून बरं वाटायला लागलं तरी दहा दिवस नोंदी सोडू नका.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि छाती-पोट वर येणं पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे १२ ते २० नेहमीचे. २४ च्या वर गेले तर फोन करा, ३० च्या आसपास असतील तर थांबू नका.

आकडे काहीही असोत, पुढचं काही दिसलं तर सरळ रुग्णालय गाठा: वाक्य पूर्ण करताना दम लागणं, छातीत सतत दुखणं किंवा दाब, ओठ निळसर पडणं, नवीनच गोंधळल्यासारखं बोलणं, जागं करूनही जाग न राहणं. म्हाताऱ्या माणसात कधी कधी ताप-खोकल्याआधी गोंधळ, पडणं किंवा अचानक जेवण सुटणं एवढंच दिसतं.

औषधं आणि पाणी

तापाला मोठ्या माणसासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तासांचं अंतर. २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, म्हणजे ६५० च्या सहापेक्षा जास्त गोळ्या नाहीत. वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर मर्यादा त्याहून खाली. ती डॉक्टरांना विचारा. नेमकी गफलत इथे होते: सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं आणि लोक वरून तापाची गोळी वेगळी घेतात. पाकिटावरचे घटक वाचा, प्रत्येक गोळीची वेळ वहीत लिहा. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. विषाणूजन्य तापात त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. स्टेरॉइड तर स्वतःच्या मनाने मुळीच नको. कोविडच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत २०२० साली दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्यांचे मृत्यू कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना फायदा झाला नाही. शेजारच्याला लिहून दिलेली चिठ्ठी आपल्या रुग्णाला लागू पडत नाही ती अशी.

तापात शरीरातलं पाणी वेगाने कमी होतं. थोडं थोडं, दर तासाला पाजा. पुरतंय का हे लघवीच्या रंगावरून कळतं, फिकट पिवळी हवी. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. शिगोशीग भरलेल्या चमच्यांनी सगळं बिघडतं: जास्त मीठ घातक, जास्त साखरेने जुलाब वाढतात. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

स्वच्छता, लागेल तेवढीच

हात साबणाने २० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे धरून. सॅनिटायझर निदान ६० टक्के अल्कोहोलचं. हात मळलेले असतील तर ते नीट चालत नाही. रुग्णाची भांडी नेहमीच्या साबणाने धुतली तरी पुरतं. कपडे झटकू नका, धुवून पूर्ण वाळवा.

दाराची मूठ, नळ, फ्लशचं बटण यांसाठी ब्लीचचं पाणी: ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिलिलिटर आणि गार पाणी ९८० मिलिलिटर. आधी साबणाने मळ काढा, कारण मळावर ब्लीचची ताकद संपते. रोज ताजं करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. माणसांवर कसलीही फवारणी नको.

बाकीच्यांचा दिवस

रुग्णाभोवती घर फिरायला लागलं की बाकीच्यांची झोप आणि जेवणं आधी मोडतात. उठायची वेळ पक्की करा. झोपायची वेळ पुढेमागे झाली तरी चालेल, उठायची नाही. सकाळचा अर्धा तास उजेडात काढा. पलंगावर बसून ऑफिसचं काम करू नका. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, आरोग्य खात्याच्या सूचनांसकट; रात्रीच्या जेवणानंतर नाही. मुलांना घड्याळापेक्षा कामांचा क्रम सांभाळायला सोपा जातो, तो भिंतीवर लावा.

वेगळं राहणाऱ्या वृद्ध नातेवाइकांना रोज एकाच वेळी फोन करा आणि त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवा: दोनदा फोन उचलला नाही तर जवळ राहणारा, किल्ली असलेला माणूस जाऊन बघेल. असा माणूस आजच शोधा.

उठून कामाला लागताना

विलगीकरण संपलं म्हणजे ताकद आली असं नाही. पहिले काही दिवस अंघोळ, जिना, स्वयंपाक यांतलं एका वेळी एकच काम, मध्ये विश्रांती. चालणं पाच-दहा मिनिटांपासून सुरू करा आणि त्याच दिवशी नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटतं ते बघून वाढवा. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी अंगातलं त्राण जात असेल तर वाढवू नका, उलट निम्म्यावर या. जोर लावून व्यायाम केल्याने असा थकवा हटत नाही, लांबतो. व्यायामाच्या वेळी छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबून तपासून घ्या. चार आठवडे उलटूनही दम लागत असेल किंवा डोकं नेहमीसारखं चालत नसेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.