पिस्तूल नेमबाजी : आधी गुणांचं गणित, मग सराव

लातूर-नांदेडकडची एअर पिस्तूल शिकलेली पोरं आयपीएससीचे (पळत, जागा बदलत वेळेवर झाडण्याचा पिस्तुलाचा प्रकार) व्हिडिओ पाहून हात घाईला आणतात. ही घाई फळेल की नडेल, ते त्या प्रकारात वेळ कसा मोजतात यावर ठरतं. म्हणून नियमपुस्तकातला गुणांचा भाग सगळ्यात आधी वाचा.

आयपीएससीत गुणांना सेकंदांनी भागतात. आयडीपीएत (स्वसंरक्षणाच्या प्रसंगांवर बेतलेला तसाच प्रकार) गेलेल्या प्रत्येक गुणामागे वेळेत एक सेकंद वाढतो. समजा 12 गोळ्यांचा टप्पा आहे आणि दोघांची पिस्तुलं 'मायनर', म्हणजे कमी ताकदीच्या गटातली आहेत. पहिल्याच्या सगळ्या गोळ्या लक्ष्याच्या मधल्या 'ए' पट्ट्यात (प्रत्येकी 5) : 60 गुण, 10 सेकंद, भागाकार 6. दुसऱ्याच्या आठ 'ए'त, चार 'सी'त (प्रत्येकी 3) : 52 गुण, पण 8 सेकंद, भागाकार 6.5. दुसरा जिंकला. आयडीपीएत त्याच्या चार गोळ्या उणे एकच्या पट्ट्यात गेल्या, तर 8 अधिक 4, म्हणजे 12 सेकंद. पहिला 10 वरच राहतो आणि तोच जिंकतो. शिवाय तिथे आडोसा धरूनच झाडावं लागतं. स्टील चॅलेंज या तिसऱ्या प्रकारात लोखंडी पाट्या आणि निव्वळ वेळ. बहुतेक टप्प्यांत पाच फेऱ्यांतली सर्वात संथ फेरी वगळतात.

आयपीएससीत जागा बदलताना बोट ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) राहिलं किंवा नळी 90 अंशांपलीकडे फिरली, तर थेट सामन्यातून बाहेर.

आता आपल्याकडची खरी अडचण. आयपीएससीत ताकद अशी मोजतात : गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले 1000, हे 'मायनर'साठीही किमान 125 यावं लागतं. साध्या परवान्यावरच्या .32 एसीपी काडतुसाची 71 ग्रेनची गोळी 900 च्या वेगाने जेमतेम 64 देते. 9 मिमी साध्या परवान्यात बसत नाही. त्यामुळे वेगाची आवड असेल तर क्लबच्या .22 वर '25 मीटर पिस्तूल' हा प्रकार धरा. राही सरनोबतचं 2018 च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण याच प्रकारातलं. 30 गोळ्या निवांत, पाच-पाचच्या मालिकेला 5 मिनिटं. उरलेल्या 30 ला लक्ष्य दर वेळी 3 सेकंद दिसतं, मध्ये 7 सेकंद हात 45 अंशांवर खाली.

याची तयारी घरी एअर पिस्तुलावर होते. 4.5 मिमीपर्यंत बोअर आणि 20 ज्युलपेक्षा कमी ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून 1.40 मीटरवर लावा, मागे गोळी अडेल अशी भक्कम भिंत हवी. मोबाईलवर 7 आणि 3 सेकंदांचे ठोके लावून हात उचला. सुरुवातीला छर्रा न घालता करा, पण ड्राय फायरची सोय असेल तरच. स्प्रिंगचं पिस्तूल रिकामं झाडलं तर पिस्टनचं सील जातं.

साईट लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर स्थिरावेपर्यंत ट्रिगरला हात न लावणं ही नेहमीची चूक. मग तिसऱ्या सेकंदाला झटका बसतो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली डावीकडे जाते. हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला दाब घ्या. गोळ्या सलग वर लागत असतील तर हात लक्ष्याच्या वर जाऊन परत येतोय. शेवटच्या वीतभर अंतरात वेग कमी करा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तळवा घामेजून पकड फिरते, म्हणून प्रत्येक मालिकेआधी हात आणि ग्रिप दोन्ही कोरडी पुसा.