एल्कच्या शिकारीचं प्लॅनिंग: आधी मटण खाली कसं आणणार ते ठरवा

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे इकडे कोलोरॅडोत कोणी एल्क मारायला निघालं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न बंदूक कुठली घेऊ. बंदूक शेवटी बघा हो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंदच, पण मोठा नर ३०० किलोच्या घरात, हाडं काढली तरी ८०-१०० किलो मटण उरतं आणि ते १०,००० फुटांवरून तुमच्याच पाठीवर खाली यायचंय.

आता हिशोब बघा. एका खेपेला ३० किलो धरले तर तीन खेपा, म्हणजे गाडीपासून ५ किमीवर पाडला तर एकट्याने ते अंतर पाच वेळा तुडवायचं, २५ किमी झाले, तंबूचं सामान वेगळं. म्हणून नकाशावर पहिली रेघ ओढायची ती "याच्या पलीकडे कितीही मोठा दिसला तरी गोळी नाही" अशी. दोघं असाल तर माझ्या मते ३ किमी बास, मधे खोल दरी असेल तर तेवढंही नको. आणि वेमिनूच किंवा फ्लॅट टॉप्ससारख्या वाइल्डरनेसमध्ये इंजिनवालं काहीच चालत नाही, एक तर घोडे-खेचरं आधी बुक करा नाहीतर स्वतःचे गुडघे.

कागदपत्रं थोडक्यात: १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन कार्ड लागतं, म्हणजे आपण सगळेच आलो. ड्रॉचे (म्हणजे शिकारीचं लायसन्स वाटणाऱ्या सोडतीचे) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच बंद होतात, ऑक्टोबरात जाग येऊन उपयोग नाही. एच-वनवाल्यांनो, या व्हिसावर बंदूक जवळ ठेवायला फेडरल कायद्याने मनाई आहे, सूट मिळते ती हातात वैध हंटिंग लायसन्स असेल तर, तेव्हा क्रम चुकवू नका, वाटलं तर वकिलाला विचारा.

डोंगरात दोन दिवस आधी पोचा, डेन्व्हरहून थेट वर चढलात तर पहिला दिवस डोकं धरून जातो. रायफल सीझनला भडक नारिंगी किंवा गुलाबी जॅकेट-टोपी सक्तीची. ऑक्टोबरात माज उतरलेले नर उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरच्या दाट झाडीत दडी मारून बसतात, तिथे शोधा. वारा मात्र सांभाळा, पहाटे गार हवा उताराने खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढते, तुमचा वास गेला की संपलं, अख्खा कळप डोंगर ओलांडून जातो.

पाडल्यावर फोटोबिटो नंतर. कातडं जाड, आतली उष्णता कोंडून राहते आणि मांडीच्या हाडापाशी मटण आधी खराब होतं, थंडीतसुद्धा. पोट न फाडता एकेक बाजू सोलून तंगड्या सोडवा, कापडी गेम बॅगेत (शिकारीचं मटण ठेवायची हवा खेळती पिशवी) घालून सावलीत, वारा लागेल असं टांगा. नर असल्याची खूण (अंडकोष वगैरे) मटणाला चिकटलेलीच ठेवायची, कापून वेगळी ठेवलेली चालत नाही. नुसती शिंगं घेऊन मटण सोडून आलात तर तो गुन्हा आहे. उरलेल्या सांगाड्यापासून मटण जरा लांब टांगा, रात्री अस्वल येतं, आणि सकाळी दुसऱ्या खेपेला जाताना लांबूनच आवाज करत जा.