दुर्गापूजेला कोलकात्यात जोडीने येताय? मग या चुका टाळा

गणपती उठले की माझ्या फोनवर मेसेज यायला लागतात, दर वर्षी, न चुकता. "ताई, आम्ही दोघं पूजेला कोलकात्याला येतोय, जरा टिप्स दे ना." मी विचारते तिकीट काढलं का, तर हो. हॉटेल? तेही झालं. सुट्टी? मंजूर. मग आता टिप्स कशाच्या देऊ, बॅगेत काय भरायचं त्याच्या? नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही इथे राहतो म्हणून लोक हक्काने विचारतात आणि मला सांगायला आवडतंही, पण विचारायची वेळ तिकिटाच्या आधी असते हे कुणाच्या डोक्यात का शिरत नाही देव जाणे. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतेय, यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

आपलं नवरात्र डोक्यात ठेवून तारखा काढणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातून निघतात. आपल्याकडे घट बसले की नवरात्र सुरू, त्यामुळे लोक समजतात की कोलकात्यातही नऊ दिवस सगळं सारखंच चालू असणार. तसं नसतं हो. इथली पूजा बसते षष्ठीला, मग सप्तमी, अष्टमी, नवमी आणि दशमीपासून विसर्जन. म्हणजे आपल्या नवरात्राचा शेवटचा अर्धा भाग. हल्ली मोठे क्लब मंडप बरेच दिवस आधी उघडतात हे खरंय, पण ढाक म्हणजे इथला मोठा ढोल, अष्टमीची अंजली म्हणजे देवीला फुलं वाहणं, भोग म्हणजे प्रसादाचं जेवण, धुपाटणं हातात घेऊन केलेला धुनुची नाच, गल्लीतल्या खुर्च्यांवर बसून गप्पा मारणारं अख्खं पाडं म्हणजे आळी, हे आधी येऊन बघायला मिळत नाही.

आमच्या ओळखीतलं पुण्याचं एक जोडपं आहे. लग्नानंतरचा पहिला दसरा, त्यामुळे दसऱ्याला दोघं घरी पाहिजेत असा सासूबाईंचा हुकूम. मग यांनी काय केलं तर सुट्टी दसऱ्याच्या आधीच घेतली. २०२५ ला घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, हे त्याच्या आदल्या रात्री विमानाने येऊन दाखल आणि परतीचं तिकीट २७ चं. २२ च्या रात्री इथे जो पाऊस पडला तो तुम्ही बातम्यांत बघितला असेल, २४ तासांत २५० मिलीमीटरच्या आसपास, सकाळी अर्धं शहर पाण्यात, मेट्रो दक्षिणेच्या बाजूला बंद, पाण्यात विजेचा धक्का लागून माणसं गेली. यांचं हॉटेल दक्षिण कोलकात्यात, खाली रिसेप्शनमध्ये पाणी, आणि ही दोघं वरच्या खोलीत बिस्किटं खात बसलेली. दोन दिवस असेच गेले. मग पाणी उतरलं तर मंडपवाले भिजलेलं कापड काढून नवीन लावताहेत. २६ ला कुठे जरा रंग भरायला लागला आणि २७ ला, म्हणजे पंचमीला, हे विमानतळाच्या वाटेवर. तिने गाडीतून मला फोन केला, "ताई, सगळीकडे लाइट लागलेत गं, आत्ता सुरू झालं." दुसऱ्या दिवशी षष्ठी. काय बोलणार मी?

पाऊस त्यांच्या हातात नव्हता, मान्य. पण सप्टेंबरअखेर म्हणजे इथे पावसाळाच असतो, मान्सून या शहरातून जातो तो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. शरद ऋतू, निळं आभाळ, काशफुलं म्हणजे त्या गवताचे पांढरे तुरे, हे सगळं असतं, पण छत्रीसकट असतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला गेलाय, त्यामानाने बरं, तरी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा कधी तयार होईल सांगता येत नाही.

माझी सवय सांगते. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर षष्ठीला पेनाने गोल करायचा, मग त्या तारखेबद्दल एखाद्या बंगाली कलीगला विचारायचं कारण त्यांच्या पंजिकेत म्हणजे पंचांगात आणि आपल्या कॅलेंडरात कधीकधी एका दिवसाचा फरक पडतो, आणि पूजेची तारीख विचारल्यावर वैतागणारा बंगाली मला अजून भेटायचाय. षष्ठीला दुपारपर्यंत पोचायचं, दशमी इथे करून एकादशीला निघायचं. दसरा घरीच पाहिजे असेल तर सरळ दुसऱ्या वर्षी या, मधला मार्ग काढू नका.

आणि एक राहिलंच. तुम्हाला दोघांना निवांत, हातात हात घालून फिरायचंय, कॅफेत बसायचंय, तर पूजेत येऊच नका. दिवाळीनंतर नोव्हेंबरअखेर या, तेच शहर तुम्हाला वेगळं दिसेल. दोघांपैकी एकालाही गर्दीची भीती वाटत असेल तर दुसऱ्याने "काही होत नाही गं" म्हणून ओढत आणू नये. हे मी प्रामुख्याने नवऱ्यांना सांगतेय.

रेल्वेचं बुकिंग

१ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. लोक अजून चार महिने आधी ॲप उघडतात, गाडी दिसत नाही म्हणून बंद करतात आणि मग विसरतात. तिकडे मुंबई-पुण्यातली झाडून सगळी बंगाली मंडळी पूजेला घरी निघालेली असतात, ती बरोब्बर साठाव्या दिवशी सकाळी आठला बोटं सरसावून बसतात. गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद, काही मिळत नाही नंतर. फोनमध्ये रिमाइंडर लावा, एवढंच.

स्टेशनचं नावही वाचा जरा. हावडा वेगळं, सियालदह वेगळं, "कोलकाता" नावाचं स्टेशन तिसरंच, तिकडे चितपूरला. कुर्ल्याहून सुटणारी ज्ञानेश्वरी शालिमारला जाते, तिथे उतरून "मेट्रो कुठेय" विचाराल तर मेट्रो नाहीये.

एका रात्रीत अख्खं शहर

माझा भाचा आणि त्याची बायको नागपूरहून आले. भाच्याने रील बघून बघून एकवीस मंडपांची यादी केलेली, मॅपवर पिना टोचलेल्या, वर रंग वेगवेगळे. मी म्हटलं अरे श्रीभूमी आहे विमानतळाच्या रस्त्यावर लेक टाऊनला, बागबझार उत्तरेला गंगेच्या कडेला, सुरुची संघ न्यू अलिपूरला, हे एका रात्रीत कसं करणार? तर म्हणे, "मावशी, रात्रभर मंडप उघडे असतात ना, गाडी बुक केलीय." गाडी! सप्तमीच्या संध्याकाळी!

इथली गर्दी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला बघितल्याशिवाय कळत नाही. २०१५ ला देशप्रिय पार्कात जगातली सगळ्यात मोठी दुर्गा म्हणून गाजावाजा झाला आणि इतकी माणसं लोटली की पंचमीलाच दर्शन बंद करावं लागलं. २०२१ ला श्रीभूमीने बुर्ज खलिफासारखा मंडप उभारला तेव्हाही अष्टमीला बाहेरच्या लोकांना प्रवेश बंद करायची पाळी आली. संध्याकाळनंतर पोलीस रस्ते बंद करतात, वन वे उलटे फिरवतात, आणि ॲपवरची गाडी तुम्हाला मंडपापासून कुठेतरी लांब उतरवून देते आणि परत यायला नकार देते.

तर भाचा आणि सूनबाई संध्याकाळी सहाला निघाले. तिची पैठणी, पायात नव्या कोऱ्या चपला. याचा झब्बा. श्रीभूमीच्या रांगेतच नऊ वाजले. मग बागबझारला जायला गाडी मिळेना, चालले, चुकले, तिची चपल चावायला लागली, तो म्हणाला आता फक्त दीड किलोमीटर, आणि असं तो तीनदा म्हणाला. पहाटे तीनला माझ्या दारात उभे, तिच्या हातात चपला, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एकवीसपैकी बघितले दोन. मी चहा टाकला आणि काही विचारलं नाही, तरी त्याने सांगायला सुरुवात केलीच की चूक गुगल मॅपची होती.

म्हणून माझी पद्धत अशी. एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, दोन्ही एकत्र कधीच नाही. उत्तरेला शोभाबाजार मेट्रोला उतरलं की शोभाबाजार राजबाडी म्हणजे तिथला जुना राजवाडा, कुमारटुली, आहिरीटोला, आणि जरा पाय ओढले तर बागबझार, सगळं चालत. राजबाडीची पूजा १७५७ पासूनची, तिथे थीम वगैरे काही नाही, ठाकूरदालान म्हणजे देवीचं दालन आणि जुनी माणसं, मला विचाराल तर शंभर लाइटिंगवाल्या मंडपांपेक्षा तिथे अर्धा तास बसा. दक्षिणेला कालिघाट मेट्रो, तिथून देशप्रिय पार्क, त्रिधारा, पुढे गडियाहाटकडे एकडालिया. मध्य कोलकात्यात महात्मा गांधी रोड स्टेशनला उतरून कॉलेज स्क्वेअर आणि मोहम्मद अली पार्क. बस. एका वेळी पाच-सहा मंडप झाले तरी खूप झाले, यादी पूर्ण केल्याचं कुणी सर्टिफिकेट देत नाही.

दुसरं म्हणजे वेळ. सगळे संध्याकाळी सातला निघतात, मी पहाटे पाचला निघते. इथे उजाडतं लवकर, साडेपाचला चांगलं दिसायला लागतं, रात्रभर फिरणारे घरी गेलेले असतात आणि मंडपात झाडू मारणारा एक माणूस आणि तुम्ही. लाइटिंग दिसत नाही हे खरं, तर एक रात्र फक्त लाइटिंगसाठी ठेवा. पण पूजेत मेट्रोचं वेळापत्रक वेगळं असतं, सप्तमी ते नवमी रात्रभर चालते आणि सकाळी मात्र बराच वेळ बंद, त्यामुळे पहाटे फिरायचं तर चालत जाता येईल असं हॉटेल हवं. म्हणजे पुन्हा तेच, आधी विचारा.

हॉटेल स्वस्त म्हणून लांबचं घेणं

न्यू टाऊनला चकचकीत रूम अर्ध्या किमतीत मिळते, कारण पूजेत तिथून शहरात येणंजाणं हाच एक पूर्ण दिवसाचा कार्यक्रम असतो. पार्क स्ट्रीट, एस्प्लनेड किंवा कालिघाटच्या आसपास मेट्रोला लागून छोटी रूम घ्या. सॉल्ट लेक चालेल, ऑगस्ट २०२५ पासून सेक्टर फाईव्ह ते हावडा मैदान मेट्रो सलग झालीय, गंगेच्या खालून जाते ती हीच. विमानतळालाही तेव्हापासून मेट्रो आहे, नोआपाड्याला बदलायची, पूजेत टॅक्सीपेक्षा हजारपट बरी.

चेक-इनला दोघांचं ओळखपत्र लागतं, नुसतं नवऱ्याचं नाही. पॅन कार्ड दाखवून वाद घालू नका, त्यावर पत्ता नसतो.

उपास

उठता-बसता उपास असेल किंवा नऊ दिवसांचे असतील तर घरून सामान आणा. साबुदाणा दुकानात मिळतो, हॉटेलात खिचडी मिळत नाही. एकीने मला विश्वासाने सांगितलं की भोगात खिचडी असते ना, मग झालं की. अगं ती तांदूळ-डाळीची! अष्टमीला इथे लुची म्हणजे मैद्याच्या पुऱ्या आणि शाकाहारी जेवण, पण नवमीला घराघरात मटण शिजतं, देवीच्या दिवसांत मटण कसं म्हणून तोंड वाकडं करायचं असेल तर निदान मंडपाबाहेर येऊन करा. बिनचपलेने नवरात्र पाळत असाल तर या शहरात या दिवसांत ते करू नका, रस्त्यावर काय काय असतं ते मी लिहीत नाही.

सूर्यास्त साडेसहाला धरणं

मुंबईचं घड्याळ. ऑक्टोबरच्या मध्याला इथे सव्वापाचच्या आतच सूर्य गेलेला असतो. प्रिन्सेप घाटावर होडीत बसून मावळता सूर्य आणि मागे विद्यासागर सेतू असा फोटो पाहिजे असेल तर चारला घाटावर असा. सहाला पोचणारी जोडपी अंधारात फ्लॅश मारत बसतात, दर वर्षी.

आता पटापट

व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद. बेलूर मठ आणि दक्षिणेश्वर दोन्ही दुपारी बंद होतात, सकाळी लवकर जा, एकातून दुसऱ्याकडे होडीने जा. पार्क स्ट्रीटवर अष्टमीच्या रात्री टेबल मिळेल ही आशा सोडा, चारला जेवा नाहीतर रोल खा.

दशमीचा सिंदूर खेला, म्हणजे बायकांनी एकमेकींना कुंकू फासायचा खेळ, बघायचा, खेळायचा असेल तर जुनी साडी आणा, तो रंग निघत नाही. मंडपातल्या एखाद्या काकूंना आधी विचारा, त्या स्वतःच ओढून नेतील. नवऱ्याचं काम लांब उभं राहून फोन आणि पर्स धरणं.

पाच दिवसांत दार्जिलिंग घुसवू नका. सियालदहहून न्यू जलपाईगुडी रात्रभराचं, पुढे घाटाचे तीन तास, आणि पूजेच्या सुट्टीत अख्खा बंगाल तिकडेच निघालेला असतो. शिवाय ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला दार्जिलिंग-मिरिककडे दरडी कोसळून किती जण गेले ते आठवा. दार्जिलिंगसाठी वेगळी सुट्टी काढा, सुट्टी नसेल तर जाऊ नका.

आणि ऑक्टोबरात नोलेन गुडाचा संदेश मागू नका. खजुराचा रस थंडीत निघतो, डिसेंबरच्या आधी खरा गूळ येत नाही. दुकानदार काहीतरी तपकिरी रंगाचं देईलही, तुम्ही त्याचा फोटो मला पाठवाल, आणि मी अंगठा दाखवून गप्प बसेन.