रेसच्या टिप्ससाठी पैसे भरण्याआधी एक वही घाला

रविवारी दुपारी, पहिल्या रेसच्या तासभर आधी फोनवर मेसेज येतो: ‘आजची व्हीआयपी टीप. 3 मेन, 7 कव्हर, 5 फ्ल्यूक.’ म्हणजे तीन नंबर मुख्य घोडा, तो चुकला तर सात, आणि नशिबाने लागलाच तर पाच. रेसमध्ये पाच नंबरचा घोडा येतो आणि दहा मिनिटांत त्याच ग्रुपवर फटाक्यांच्या चित्रांसकट जाहीर होतं, ‘फ्ल्यूक दिला होता!’ तीन आला असता तरी फटाके फुटले असते, सात आला असता तरी फुटले असते. आठ घोड्यांच्या रेसमध्ये तीन घोडे सांगितले, तर त्यातला एखादा बऱ्याचदा येतोच. तुम्ही मात्र तिन्हींवर पैसे लावलेत का, किती लावलेत आणि शेवटी हातात काय राहिलं, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नसतं.

मी पुण्याचा पावसाळी सीझन आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हिवाळी सीझन गेली बरीच वर्षं बघतोय. एकदा एका टिपवाल्याला मीही तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले होते. त्याचे लागलेले घोडे मला अजून नावानिशी आठवतात. न लागलेले किती होते ते सांगता येत नाही, कारण मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून पैसे भरायच्या आधी करायचं काम एकच सांगतो: स्वतःची वही घाला. टिपवाल्याने दाखवलेला तक्ता बाजूला ठेवा.

आधी फीचा हिशोब, तो पाच मिनिटांत होतो

समजा, सर्व्हिसची फी महिना 3,000 रुपये आहे, महिन्याला 20 टिप्स येतात आणि तुम्ही एका टिपेवर 200 रुपये लावता. महिन्याची उलाढाल झाली 4,000 रुपये. म्हणजे फक्त फी वसूल व्हायला तुम्हाला उलाढालीवर 75 टक्के नफा हवा. इतका नफा सातत्याने कोणीच काढून देत नाही. फी उलाढालीच्या 5 टक्क्यांवर आणायची तर महिन्याला 60,000 रुपये, म्हणजे प्रत्येक टिपेवर 3,000 रुपये लावावे लागतील. एवढी रक्कम बुडाली तर घरखर्चाला धक्का लागणार असेल, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. ती सर्व्हिस कितीही चांगली असली तरी तुमच्यासाठी महाग आहे. माझ्या मते बहुतेकांचा निकाल इथेच लागतो.

मग कराचा

जाहिरातीतल्या नफ्याच्या तक्त्यात कर कधीच नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजेला 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो पैजेच्या पूर्ण रकमेवर आहे. त्याआधी, 1 ऑक्टोबर 2023 पासून, तो 28 टक्के होता.

याचा अर्थ आकड्यांत बघा. चारास एक भावाने, म्हणजे शंभर लावले तर चारशे फायदा आणि मूळचे शंभर परत, अशा 100 पैजा प्रत्येकी 100 रुपयांच्या लावल्या. कर नसता तर 20 घोडे जिंकले की बरोबरी झाली असती: 10,000 लावले, 10,000 परत. आता खिशातून 14,000 जातात. बरोबरीसाठी 20 ऐवजी 28 घोडे जिंकायला हवेत. टिपवाल्याने ‘शंभरात चोवीस, 20 टक्के नफा’ असा तक्ता दाखवला, तर त्याचा नफा तुमच्या हातात येताना 2,000 रुपयांचा तोटा झालेला असतो.

शिवाय जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि वर उपकर लागतो. हरलेल्या पैजा त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणून वहीत ‘लावले’ आणि ‘खिशातून गेले’ असे दोन वेगळे रकाने आखा. क्लबच्या तिकीट खिडकीवर किंवा बुकीकडे प्रत्यक्षात जितके द्यावे लागतील, तितकेच दुसऱ्या रकान्यात लिहा.

वहीचं पान कसं आखायचं

साधी दोनशे पानी वही पुरते. रकाने असे: तारीख, रेस नंबर, घोडा, टीप किती वाजता आली, त्या वेळचा भाव, मला मिळाला असता तो भाव, लावले, खिशातून गेले, परत आले. शेवटचा रकाना ‘फेव्हरिट’. त्यात त्या रेसमध्ये सर्वांत कमी भावाचा घोडा कोणता होता आणि तो आला का, एवढंच लिहायचं.

या शेवटच्या रकान्यावर माझा फार जीव आहे. फेव्हरिट घोडा ढोबळमानाने तीन रेसमध्ये एकदा जिंकतो, हे जगभरच्या रेसकोर्सवर दिसतं. त्यामुळे ‘आमचा स्ट्राइक रेट 35 टक्के’, म्हणजे शंभरातल्या 35 टिप्स लागतात, असं कोणी म्हणालं, तर त्याच्या टिप्स आणि फेव्हरिट किती वेळा एकच होते ते पाहा. रेसबुक (त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची माहिती देणारी पुस्तिका) आणि भावांचा बोर्ड पाहून कोणालाही फुकट कळणारी गोष्ट तो विकत असेल, तर ते वहीच्या दोन पानांत उघडं पडतं.

पैसे लावायचे नाहीत. प्रत्येक टिपेवर 100 रुपये लावले असं धरून लिहीत जायचं. फुकट चॅनेल असेल तर त्यावरून, नाहीतर एका महिन्याची फी भरून. तीन महिने किंवा वर्षभराची ‘ऑफर’ घेऊ नका.

टीप आली की रेसच्या आधीच तिची प्रत काढा. टेलिग्रामवर चॅनेलवाला मेसेज पुसू शकतो आणि पुसल्याची खूणही मागे राहत नाही. संध्याकाळी तुम्ही वर सरकवत गेलात की फक्त जिंकलेल्या टिप्स दिसतात. टीप आल्या आल्या ती स्वतःच्या ‘सेव्ह्ड मेसेजेस’मध्ये फॉरवर्ड करा. मूळ मेसेज बदलला किंवा गेला तरी तुमची प्रत तशीच राहते. व्हॉट्सॲपवर असाल तर स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ दिसली पाहिजे.

एका रेसमध्ये तीन घोडे दिले असतील तर वहीत तीन ओळी आणि तीनशे रुपये. ‘3 किंवा 7, भाव बघून ठरवा’ असं असेल तर दोन्ही लिहा. ‘प्लेसमध्ये आला (पहिला नाही, पण पहिल्या काहींत), टीप लागली’ हे चालायचं नाही. विन, म्हणजे पहिला येणार, असं सांगितलं असेल तर विनचाच हिशोब. टीप रेस सुटल्यावर पोचली तर ती धरायचीच नाही, लागली तरीही.

भाव: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते

सकाळी बोर्डावर चारास एक असलेला घोडा शेकडो सभासदांना एकाच वेळी सांगितला की काय होतं? सगळे बुकींकडे धावतात आणि भाव पडतो. तुम्ही पोचेपर्यंत अडीचास एक झालेला असतो. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या क्लबच्या खिडकीवर, तर सभासदांचेच पैसे त्या घोड्याच्या बाजूला जमतात आणि डिव्हिडंड, म्हणजे जिंकल्यावर मिळणारी रक्कम, खाली येतो. टिपवाला तक्त्यात चारास एक लिहितो. तो खोटं लिहीत नाही, तो भाव सकाळी खरंच होता.

आता हिशोब करा. शंभरात 24 जिंकले. चारास एकने परतावा 12,000, म्हणजे कर सोडून 2,000 नफा. अडीचास एकने त्याच 24 घोड्यांवर परतावा 8,400, म्हणजे 1,600 तोटा. घोडे तेच, रेसही त्याच.

‘जॉकीकडून आतली खबर’ म्हणून जे विकलं जातं त्यालाही हेच लागू आहे. खबर खरी असली तरी ती पाचशे जणांना विकली की भावात विरघळून जाते. आणि निकाल ‘फिक्स’ आहे असं जो सांगतो, त्याला तिथल्या तिथे ब्लॉक करा. त्यात तपासण्यासारखं काही नाही.

किती टिप्स झाल्यावर मत बनवायचं

इथे लोक फार घाई करतात. दहा टिप्समध्ये चार लागल्या की ‘माणूस जबरदस्त आहे’. थोडं गणित सांगतो. चारास एक भावाचे घोडे डोळे मिटून निवडले आणि त्यांची जिंकण्याची खरी शक्यता पाचात एक असेल, तरीही 100 टिप्समध्ये 24 किंवा जास्त घोडे लागण्याचा योग पाच जणांत एकाला निव्वळ नशिबाने येतो. पन्नास टिपवाले असतील तर नऊ-दहा जणांकडे ‘20 टक्के नफ्या’चा तक्ता काहीही अक्कल न लावता तयार असतो. तुमच्यापर्यंत जाहिरात पोचते ती या नऊ-दहा जणांची. तेच प्रमाण 400 टिप्सपर्यंत टिकलं, तर मात्र नशिबाने तसं होण्याची शक्यता साधारण चाळिसात एक इतकी उतरते. म्हणून शंभर टिप्सच्या आत कोणतंच मत बनवू नका, आणि चारशेच्या आत मोठे पैसे लावू नका. निवडक टिप्स देणाऱ्याच्या बाबतीत याला दोन सीझनही लागतील. लागू देत.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पाचात एक जिंकणाऱ्या चांगल्या टिपवाल्याच्याही 100 टिप्समध्ये सलग तेरा-चौदा घोडे हरणं अगदी नेहमीचं आहे. वहीत तेरा शून्यं एकाखाली एक दिसली की माणूस घाबरतो. कागदावर असताना घाबरणं परवडतं.

नेमक्या याच वेळी ‘रिकव्हरी’चा मेसेज येतो: ‘आज डबल लावा, सगळं निघेल.’ 200 रुपयांपासून दुप्पट करत गेलात तर सात घोडे हरल्यावर आठव्यावर 25,600 लावावे लागतात. तेरा हरल्यावर चौदाव्यावर 16,38,400. रिकव्हरी शिकवणारी सर्व्हिस त्याच दिवशी बंद करा, वही पूर्ण होण्याची वाट बघू नका. तुम्ही स्वतःच हरलेलं भरून काढण्यासाठी रक्कम वाढवत असाल, घरी आकडे लपवत असाल, तर 14416 या टेली-मानस (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

फुकटच्या तीन अचूक टिप्सचं गुपित

अनोळखी नंबरवरून सलग तीन रेसचे विजेते आले आणि चौथ्यासाठी पैसे मागितले, तर हे वाचा. 512 नंबर घ्या. आठ घोड्यांची रेस. प्रत्येक घोडा 64 जणांना पाठवा. ज्या 64 जणांना विजेता गेला त्यांनाच दुसऱ्या रेसला आठ-आठच्या गटांत आठ घोडे पाठवा. उरलेल्या 8 जणांना तिसऱ्या रेसला एकेक घोडा. शेवटी एक माणूस उरतो ज्याला तिन्ही विजेते आधी कळले होते. तो शपथेवर सांगेल की ही टीप खरी आहे. बाकीच्या 511 जणांचं त्याला माहीतच नसतं. असे पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. आणि ‘पैसे आमच्याकडे पाठवा, आम्ही लावतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पैज क्लबच्या टोटवर किंवा रेसकोर्सवरच्या रिंगमधल्या (बुकी बसतात ती जागा) परवानाधारक बुकीकडेच लावायची असते.

चांगला माणूस कसा ओळखू येतो

असे लोक थोडे आहेत, पण आहेत. ते आठवड्यात एखाद्या दिवशी सरळ ‘आज काही नाही’ असं लिहितात. हरलेला घोडा त्याच संध्याकाळी मोजतात. ‘अमुक भावाखाली लावू नका’ असं आधीच सांगतात. आणि कारण देतात: मागच्या वेळी 59 किलो घेऊन 1,200 मीटरला चौथा आला, आज 53.5 किलो आणि 1,400 मीटर, शेवटी जोर वाढत होता. हे कारण तुम्ही रेसबुक उघडून आणि जुन्या रेसचा व्हिडिओ लावून स्वतः पडताळू शकता. पडताळाच. दहा कारणं तपासलीत की घोडा वाचायची नजर तुम्हालाही थोडी येते, आणि मला विचाराल तर फीच्या बदल्यात मिळणारी हीच सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे.

सीझन संपला की वहीची बेरीज करा. ‘परत आले’मधून ‘खिशातून गेले’ वजा करा, त्यातून तुमच्या नेहमीच्या रकमेच्या हिशोबाने फी वजा करा (वही 100 रुपयांवर आहे, तुम्ही 200 लावत असाल तर निम्मी फी). शेजारी फेव्हरिटवर डोळे मिटून 100 लावले असते तर काय झालं असतं, तो आकडा मांडा. हे पुण्याचा सीझन संपल्यावर आणि महालक्ष्मीचा सुरू होण्याआधी, रिकाम्या रविवारी करा. ‘नवीन सीझन, आज रात्रीपर्यंत अर्धी फी’ असा मेसेज याच दिवसांत येतो. तो आला की उत्तर देण्याआधी वहीचं शेवटचं पान उघडा.