गरुडातील इटा: स्पंदनशील ताऱ्याचे निरीक्षण कसे करावे

रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावरून स्पंदनशील, म्हणजे ठरावीक काळाने फुगणाऱ्या-आकसणाऱ्या, ताऱ्यांचा अभ्यास करायचा असल्यास सुरुवात गरुड तारकासमूहातील इटापासून करावी. याच प्रकारचा डेल्टा सेफी हा तारा अधिक प्रसिद्ध असला, तरी या किनाऱ्यावरून तो क्षितिजापासून 50 अंशांच्या खालीच राहतो. इटा मात्र 70 अंशांहून वर चढतो, आणि दमट, खाऱ्या हवेत हा फरक मोठा ठरतो. ऑक्टोबरच्या मध्यास तो दिवेलागणीनंतर लगेचच सर्वांत उंच असतो. नोव्हेंबर सरता सरता समुद्राकडे कलतो, म्हणून उशीर करू नये.

1784 साली एडवर्ड पिगॉट यांनी या ताऱ्याचा बदलता प्रकाश ओळखला. सुमारे 7.18 दिवसांत तो 3.5 ते 4.4 प्रतीदरम्यान फिरतो (प्रत हे तेजाचे माप; आकडा लहान, तितका तारा तेजस्वी). चढतो झपाट्याने, उतरतो सावकाश, आणि उतरताना मध्येच थोडा रेंगाळतो.

श्रवणाजवळचा बीटा (3.7) आणि दक्षिणेकडचा आयोटा (4.4) यांच्याशी इटाची तुलना करावी. बीटापासून आयोटापर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश भाग उतरल्यावर इटा येतो असे वाटल्यास 0.7चा तिसरा हिस्सा 3.7मध्ये मिळवून 3.9 अशी नोंद करावी. कालची नोंद आधी पाहू नये. डोळा तिच्याकडे ओढला जातो. वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे दिवसांच्या सलग मोजणीत, लिहावी. तो आपल्याकडे सायंकाळी 5:30 वाजता बदलतो, त्यामुळे एका रात्रीची सर्व निरीक्षणे एकाच दिनांकात बसतात. कॅमेरा असल्यास प्रतिमा किंचित अस्पष्ट ठेवून हिरव्या रंगाचा भागच मोजावा, आणि भिंगावर दव धरले नाही ना, हे दर काही छायाचित्रांनंतर तपासावे.

पंधरा-वीस रात्रींच्या नोंदी 7.18 दिवसांच्या एकाच आवर्तनावर रचल्या की आलेख उमटतो. मात्र हा प्रकाश का बदलतो, हे वर्णपटावाचून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून पाहिल्यावाचून, कळत नाही. ताऱ्याच्या आतील हेलियमचा थर आकुंचनाच्या वेळी अधिक आयनीभूत होऊन (अणूंतील इलेक्ट्रॉन सुटून) उष्णता अडवतो व प्रसरणात ती सोडतो. त्यामुळे पृष्ठभाग पुढेमागे सरकतो आणि वर्णपटातील काळ्या रेषा, म्हणजे शोषणरेषाही त्याबरोबर हलतात. महत्तम तेज किमान आकाराच्या क्षणी नव्हे, तर पृष्ठभाग वेगाने आपल्याकडे येत असताना दिसते.

भिंगापुढे लावायच्या स्वस्त विवर्तन जाळीकडून (प्रकाश रंगांत फोडणाऱ्या बारीक रेघांच्या पट्टीकडून) मात्र ही हालचाल मोजण्याची अपेक्षा धरू नये. सेकंदाला सुमारे 40 किलोमीटरच्या वेगबदलाने हायड्रोजनची 6563 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक) तरंगलांबीची रेषा एका अँगस्ट्रॉमहूनही कमी सरकते. त्यासाठी दुर्बिणीला जोडलेला फटीचा वर्णपटदर्शक हवा. जाळीने तारा तेजस्वी असताना वर्णपटाची निळी बाजू किती उजळते, एवढे पाहावे, आणि दरवेळी त्याच उंचीवरच्या बीटाचाही वर्णपट घ्यावा, म्हणजे हवेचा दोष ताऱ्याच्या माथी बसणार नाही.